बिनफांद्यांची साखळी

मी बोलतोय तो कुठून, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही उगाच खोलीभर नजर फिरवत बसाल. मी टेबलावर नाही, कपाटात नाही, भिंतीवरही नाही. मी माणसाच्या पेशीत राहतो. मी एक जनुक आहे. सहाव्या गुणसूत्राच्या आखूड बाजूला, टोकापासून जरा आत माझं घर आहे. तिथून मी आजवर हललेलो नाही. माणसं मात्र बदलत गेली.

प्रत्येक जनुकाला काही ना काही काम नेमून दिलेलं असतं. आमच्या कुळाकडे साखरेचं काम आहे. चहात घालायची साखर नव्हे. तुमच्या रक्तातल्या तांबड्या पेशींच्या अंगावर साखरेच्या कणांच्या बारीक साखळ्या असतात, लोकरीच्या कपड्यावर लव असते तशा. मूल जन्माला येतं तेव्हा या साखळ्या सरळ असतात, सुतासारख्या. मग आमच्या सांगण्यावरून एक विकर, म्हणजे एन्झाइम, तयार होतं आणि ते त्या साखळ्यांना एकेक फांदी जोडायला घेतं. मूल दीड-दोन वर्षांचं होईतो बहुतेक साखळ्यांना फांद्या फुटलेल्या असतात. आई सगळ्यांना सांगते, दात आला, पाऊल टाकलं, बोलायला लागलं. फांद्या फुटल्या असं कुणी सांगत नाही. आमची त्याबद्दल तक्रार नाही.

याच विकराचं डोळ्याच्या भिंगातही काहीतरी काम असतं. नेमकं काय, ते शास्त्रज्ञांनाही अजून पुरतं उलगडलेलं नाही. पण ते विकर नसलं, तर भिंग गढूळ होऊ शकतं एवढं त्यांना कळलं आहे.

एवढं सगळं ऐटीत सांगितलं खरं, पण मी स्वतः हे काम एक दिवसही केलेलं नाही. माझ्यात एक अक्षर चुकलेलं आहे.

ही चूक झाली त्याला फार वर्षं झाली. एका रुंद नदीवर एक नावाडी होता. तो आईच्या पोटात येण्याआधीच, माझी नक्कल उतरवताना कुठेतरी एक अक्षर बदललं, आणि तसाच मी त्याच्यात आलो. त्याला काहीच झालं नाही. प्रत्येक माणसात आम्ही जोडीने असतो, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. नावाड्यातला माझा जोडीदार चांगला धडधाकट होता. दोघांचं काम तो एकटा करायचा आणि मी नुसता बसून. काही घरांत एखादे काका असतात, कशाला हात लावत नाहीत, पण पान वाढलं की वेळेवर हजर. माझं तसंच होतं.

नावाड्याच्या दोन मुली होत्या. मी दोघींमध्येही उतरलो. मोठी लग्न करून नदीच्या वरच्या अंगाला गेली, पिठाच्या चक्कीवाल्याकडे. धाकटी खालच्या अंगाला, एका कुंभाराच्या घरात. धाकटीला पोचवायला नावाडी स्वतः नाव घेऊन गेला होता. परतताना त्याने वल्हं मांडीवर घेतलं आणि नाव थोडा वेळ प्रवाहाबरोबर जाऊ दिली. मला ती नदी अजून आठवते. त्याच्यानंतर मी पाण्याच्या इतक्या जवळ कधी राहिलो नाही.

दोन्ही बहिणी पुन्हा फारशा भेटल्या नाहीत. त्यांची मुलं एकमेकांना ओळखत होती, नातवंडं नुसती ऐकून होती, आणि पुढे नावंही कुणाच्या लक्षात राहिली नाहीत. मी मात्र दोन्हीकडे पुढे सरकत राहिलो. एका सुईणीत राहिलो, एका टपालवाल्यात राहिलो. एका शाळामास्तरात राहिलो, ते पाढे म्हणवून घेता घेता स्वतःच झोपी जायचे. सहा पिढ्या गेल्या. सगळ्यांचे डोळे स्वच्छ होते. माझा कुणाला पत्ताच नव्हता.

मग शहरातल्या एका छापखान्याचा लोखंडी जिना डगमगायला लागला.

जिना जोडायला एका तरुण वेल्डरला बोलावलं. वरच्या मजल्यावर पुस्तकबांधणीचा विभाग होता आणि तिथे एक मुलगी फर्म्यांच्या घड्या घालायला असायची. फर्मे म्हणजे छापलेले मोठे कागद, ते दुमडून त्यांची पानं करायची. वेल्डरने मधल्या दोन पायऱ्या काढल्या तेव्हा ती वरच अडकली होती, हे त्याला उशिरा कळलं.

"अहो, मी घरी कशी जाऊ?" तिने वरून विचारलं.

"दीड तास थांबा. नाहीतर उडी मारा, मी झेलतो," तो खालून म्हणाला आणि बोलून गेल्यावर स्वतःच लाजला.

ती दीड तास वरच्या पायरीवर बसून राहिली. पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. तो चक्कीवाल्याच्या वंशातला आणि ती कुंभाराच्या. हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मला तरी कुठे होतं? मी त्याच्यातही होतो आणि तिच्यातही, पण दोन वेगळ्या अंगांत राहणाऱ्यांना एकमेकांची चाहूल लागत नाही.

ते पहिलं वर्ष मी विसरणार नाही. छापखान्याच्या दुपारच्या सुट्टीत ती डबा घेऊन त्याच्या वर्कशॉपमध्ये जायची. तिला दिवस गेले होते, तरी जायची. तो खिडकीची जाळी किंवा एखादं फाटक जोडत असायचा. एक स्टूल तिच्यासाठी ठेवलेलं होतं आणि त्यावर जादाचा मास्क, काळ्या काचेचा.

"तो घातल्याशिवाय इकडे बघायचं नाही," तो म्हणायचा.

ती मास्क घालून बसायची. काळ्या काचेतून सगळं जग नाहीसं व्हायचं, फक्त एक हिरवट ठिपका हळूहळू पुढे सरकताना दिसायचा. काम झालं की तो छोट्या हातोडीने जोडावरची काळी खपली उडवायचा आणि खालून चकचकीत शिवण बाहेर यायची. "बघ, तुझ्या पुस्तकांच्या शिवणीपेक्षा सरळ आहे की नाही?" तो विचारायचा. ती म्हणायची, "पुस्तक उघडतं तरी. तुमचं उघडून दाखवा."

तीन-चार वेळा तिने मास्क मांडीवर काढून ठेवला होता. तो पाठमोरा होता. ठिणग्या फरशीवर पडून नाचत होत्या आणि निळा-पांढरा उजेड सगळ्या भिंतींवर हलत होता. काळ्या काचेतून यातलं काहीच दिसत नसे. एकदा ती जरा जास्तच बघत राहिली, आणि संध्याकाळी घरी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं. तिने गार पाण्याचं फडकं डोळ्यांवर धरलं आणि नवऱ्याला सांगितलं, कांदा चिरला.

त्याच वर्षी तिच्या पोटात माझी आणि माझी भेट झाली.

आईकडून मी आलो. वडिलांकडून दुसरा कुणी येईल म्हणून मी वाट बघत होतो, जसे नेहमी येत आले तसा एखादा कामसू. बघतो तर शेजारी मीच. तेच घर, तीच वळणं, तेच चुकलेलं अक्षर. नावाड्याच्या दोन मुली एकमेकींना भेटाव्यात तसं मला वाटलं. सहा पिढ्यांचं बोलायचं साठलेलं होतं. इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता आणि नंतरही नाही.

त्या आनंदात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. काम करणारं शेजारी कुणी उरलंच नव्हतं.

मुलगी जन्मली. वजन चांगलं, आवाज खणखणीत. सहाव्या आठवड्यात लस टोचायला नेलं तेव्हा परिचारिकेने तिचं तोंड खिडकीकडे वळवलं आणि डोळ्यांत निरखून पाहिलं. मग तिने डॉक्टरांना हाक मारली. बाळाच्या दोन्ही बाहुल्यांच्या आत दुधाळ पांढरं दिसत होतं.

"मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत," डॉक्टर म्हणाले.

"तो तर म्हाताऱ्या माणसांना होतो," वेल्डर म्हणाला.

"क्वचित जन्मतःही असतो. गरोदरपणात ताप आला होता का? अंगावर पुरळ?"

"नाही," ती म्हणाली.

"दुसरं काही झालं होतं? काही आठवतंय?"

तिच्या ओठांवर आलं होतं. मास्क, स्टूल, तो उजेड, ते खुपणारे डोळे. विचारलं असतं तर डॉक्टरांनी एका वाक्यात सोडवून टाकलं असतं. पण उत्तर 'हो' आलं तर काय, या भीतीने तिने मान हलवली. "नाही, काही नाही."

मी तिथेच होतो. तिच्यात एक, त्याच्यात एक, मुलीत दोन. तोंड असतं तर सांगितलं असतं.

तिसऱ्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली. दोन्ही भिंगं काढून टाकली आणि बाळाला जाड काचांचा चष्मा लागला, मागे रबरी पट्टा असलेला. पट्टा बांधून आईने तिला मांडीवर उभं धरलं. बाळाने आईकडे पाहिलं आणि मग बाबांकडे. कितीतरी वेळ ती त्यांना निरखत राहिली, जणू दोघांची वही तपासायची आहे.

"आली बघा मास्तरीण," बाबा म्हणाले. तेव्हापासून घरात तिचं नाव मास्तरीण.

आठवड्याने आत्या बघायला आली, म्हणजे वेल्डरची मोठी बहीण. ती मनाने वाईट नव्हती, पण मनात आलेलं तिच्या पोटात राहत नसे. बाळाला जोजवता जोजवता म्हणाली, "पोटुशी असताना रोज त्या वेल्डिंगच्या उजेडापाशी जाऊन बसायची ना ही. तोच पोरीच्या डोळ्यांत उतरला."

आईने बाळाला तिच्याकडून घेतलं आणि आत गेली. बाबा उठून खिडकीपाशी उभे राहिले. आत्या थोड्या वेळाने चहा पिऊन निघून गेली, आपण काय करून बसलो याचा तिला पत्ताही नव्हता.

पुढच्या महिन्यात बाबांनी वर्कशॉप सोडलं. "पाठ भरून येते," एवढंच म्हणाले. एका हार्डवेअरच्या दुकानात लागले आणि दिवसभर खिळे, बिजागऱ्या, कड्या गिऱ्हाइकांपुढे काढून ठेवू लागले. आईला वाटलं, हे आपल्यामुळे. आपल्याला दोष द्यायचा नाही म्हणून बोलत नाहीत, पण त्या उजेडाकडे बघणंही यांना नको झालंय. बाबांना वाटायचं, हिला सगळं कळलंय आणि ही माझ्याकडे बोट दाखवत नाही एवढाच तिचा मोठेपणा. दोघं एकमेकांशी फार चांगलं वागायची. इतकं चांगलं की घरात कधी भांडणच झालं नाही. एरवी भांडणारी दोन माणसं अशी जपून वागायला लागली की समजावं, मधे काहीतरी ठेवलेलं आहे.

मास्तरीण मात्र मजेत वाढली. शाळेत फळ्यासमोर पहिल्या बाकावर बसायची, तरी अर्धं लिहिलेलं शेजारणीच्या वहीतून उतरवायची. तिला चिडवणाऱ्या मुलालाच पुढे चष्मा लागला तेव्हा तिनेच त्याला पट्टा कसा बांधायचा ते शिकवलं. आई छापखान्यातून छपाई बिघडलेले कागद घरी आणायची, मागच्या कोऱ्या बाजूला अभ्यास करायला. मास्तरीण आधी पुढची बाजू वाचायची. नाक कागदाला लागायचं, शाई नाकाला लागायची.

आठ वर्षांची होती तेव्हा एकदा असाच कागद हातात धरून ती स्वयंपाकघरात आली.

"आई, इथे वेलांटी चुकली आहे."

"छापलेलं असतं ते. कसं चुकेल?"

"चुकलीये. 'दिन' म्हणजे दिवस. इथे गरीब माणूस हवाय, मग 'दीन' पाहिजे."

आईने तो कागद दुसऱ्या दिवशी छापखान्याच्या मालकांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, खाली आणला, पुन्हा चढवला. चांगल्या निघालेल्या कागदांतही तीच चूक होती आणि त्यांचे गठ्ठे बांधून तयार होते. "तुझ्या मुलीला मोठी झाली की इकडेच पाठव," ते म्हणाले. हे त्यांनी गमतीने म्हटलं होतं, पण झालं तसंच. बाविसाव्या वर्षी मास्तरीण त्याच छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून बसायला लागली. प्रुफं डोळ्यांपासून चार बोटांवर धरायची आणि एकही काना तिच्या तावडीतून सुटायचा नाही. एक चुकलेलं अक्षर सोडून, आणि ते तिच्या स्वतःतच होतं.

तिने लग्न केलं ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाशी. बोलघेवडा गडी. सासूला म्हणायचा, "तुमच्या जिन्यांनी माझं पोट मारलं असतं, नशीब लोक आळशी आहेत." एकोणतिसाव्या वर्षी मास्तरणीला दिवस गेले. पहिल्या तपासणीला तिने डॉक्टरांना एकच विचारलं, "माझ्यासारखं होईल का?" डॉक्टर म्हणाल्या, "जन्मल्यावर डोळे लगेच तपासू." याला उत्तर म्हणत नाहीत, हे तिला कळलं.

मग तिच्या रक्ताचा नमुना रक्तपेढीत गेला आणि तिथे अडला.

रक्तपेढीत एक ताई होत्या, निवृत्तीला वर्ष राहिलेल्या. दुसरा कुणी असता तर शेरा मारून मोकळा झाला असता. ताईंनी तो नमुना तीन दिवस सोडला नाही. चौथ्या दिवशी मास्तरणीला बोलावून घेतलं. ती नवऱ्याला घेऊन गेली. लांबट खोली, भिंतीला लागून फ्रिज, टेबलावर काचेच्या नळ्यांचे स्टँड.

"घाबरू नका," ताई म्हणाल्या. "तुमच्या रक्ताचा गट साधा आहे. पण तुमच्या रक्तातलं पाणी थंडीत आमच्याकडच्या सगळ्यांच्या रक्ताशी भांडतंय. माझ्या स्वतःच्या रक्ताशीसुद्धा."

"हिचं कुणाशी पटत नाही हे मला माहीत होतं," नवरा म्हणाला. मास्तरणीने त्याच्या पायावर पाय दिला.

ताई हसल्या नाहीत. त्यांचं लक्ष तिच्या चष्म्याकडे गेलं होतं. "एकाच रक्ताशी भांडण झालं नाही. काल एक बाळंतपण झालं, त्या नाळेतलं रक्त मी मागून आणलं. नवजात बाळाचं. त्याच्याशी तुमचं रक्त गुण्यागोविंदाने राहिलं." मग थांबून त्यांनी विचारलं, "हा चष्मा कधीपासून?"

"तीन महिन्यांची होते तेव्हापासून."

"जन्मतः मोतीबिंदू?"

"तुम्हाला कसं कळलं?"

ताईंनी खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसल्या. 'तुम्ही'वरून त्या 'तू'वर कधी आल्या ते त्यांनाही कळलं नाही. "शिकत होते तेव्हा एका पुस्तकात चार ओळी वाचल्या होत्या. पस्तीस वर्षं झाली. असा नमुना आपल्या हातात येईल असं वाटलं नव्हतं. बाळांच्या रक्तावर साखरेच्या साखळ्या असतात सरळ, मोठेपणी त्यांना फांद्या फुटतात. तुझ्या फुटल्याच नाहीत. तुझं रक्त अजून तान्ह्या बाळाचं आहे. फांद्या फोडणारं जे जनुक, तेच डोळ्याच्या भिंगातही लागतं."

त्या माझ्याबद्दल बोलत होत्या. एवढ्या पिढ्यांत माझ्याबद्दल कुणी बोललेलं मी प्रथमच ऐकत होतो.

"यात धोका आहे का?" नवऱ्याने विचारलं. आता त्याचा आवाज साधा झाला होता.

"रक्त द्यायची वेळ आली तर आम्ही कोमट करून देऊ. मी लिहून ठेवते. आणि पोटातल्या बाळाशी हिचं भांडण होणार नाही. दोघांचं रक्त सारखंच."

नमुना मोठ्या प्रयोगशाळेत गेला, मास्तरणीचा आणि तिच्या नवऱ्याचाही. महिन्याने उत्तर आलं. अनुवंशाचे डॉक्टर तरुण होते, त्यांनी आईबाबांनाही बोलावलं. छोटी खोली, चार खुर्च्या, पाचवी शेजारून आणली. डॉक्टरांनी कागदावर दोन चौकटी काढल्या आणि प्रत्येकीत दोन रेघा, एक सरळ आणि एक तुटक.

"तुमच्यात एक बिघडलेलं, एक चांगलं," ते बाबांना म्हणाले, मग आईला, "तुमच्यातही तसंच. म्हणून तुम्हा दोघांना काही झालं नाही. हिच्यात दोन्ही बिघडलेली आली. अगदी तेच अक्षर, म्हणजे मागे कधीतरी तुम्ही एकाच घरातले असणार. हिच्या नवऱ्यात ही चूक नाही. त्यामुळे बाळाला या कारणाने मोतीबिंदू होणार नाही."

मास्तरणीने नवऱ्याचा हात धरला. पण आई कागदाकडेच बघत होती.

"म्हणजे बाहेरून काही लागलं नव्हतं?" तिने विचारलं.

"नाही."

"पोटात असताना मी काही पाहिलं असेल, उजेड वगैरे, त्याने?"

"कसला उजेड?"

"वेल्डिंगचा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "त्याने तुमचे डोळे दुखले असते. पोटातल्या बाळापर्यंत तो पोचतच नाही. हे तिच्यात पहिल्या दिवसापासून होतं, तुम्हाला दिवस गेल्याचं कळायच्याही आधी."

आईने पदराने तोंड पुसलं. मग कुणाकडेही न बघता म्हणाली, "मी मास्क काढून बघायची. तीन-चार वेळा. एकदा डोळे फार दुखले, तेव्हा कांदा चिरला म्हणून सांगितलं."

"मला माहीत होतं," बाबा म्हणाले.

तिने मान वळवली.

"समोर ऑक्सिजनची टाकी होती, नवी, चकचकीत. तिच्यात तू दिसायचीस. मास्क मांडीवर, तोंड उघडं. ओरडायला हवं होतं मी. ओरडलो नाही."

"का नाही ओरडलात?"

"तू अशी बघत होतीस की मला वाटायचं, आपण काहीतरी मोठं करतोय. मग मी मुद्दाम रॉड सावकाश चालवायचो. तुला अजून दिसावं म्हणून."

"आणि म्हणून काम सोडलंत?"

"तुझ्या डोळ्यांसमोर परत तो वेल्डिंगचा होल्डर हातात कसा धरू?"

"मला वाटलं, माझं तोंड बघवत नाही म्हणून सोडलंत."

मास्तरीण एकदा आईकडे आणि एकदा बाबांकडे बघत होती. तिच्या आयुष्याइतकी जुनी ही गोष्ट तिने आजच ऐकली होती. तरुण डॉक्टरांनी पाण्याचे ग्लास पुढे सरकवले आणि काहीतरी आणायचं निमित्त करून बाहेर गेले.

घरी परत जाताना आईबाबा चालत गेले. वाटेत एका दुकानाच्या खिडकीला बाबांनी केलेली जाळी होती. या रस्त्याने जायचं ते टाळत आले होते. आज थांबले, चष्मा नाकावर सरकवला आणि एका जोडावरून बोट फिरवलं. "इथे घाई केलीये," ते म्हणाले. आई म्हणाली, "मग त्या दिवशी मी आले नसेन." आणि कितीतरी वर्षांनी दोघं रस्त्यात भांडली, रंग कुणी निवडला होता यावरून.

बाबा वर्कशॉपमध्ये परत गेले नाहीत. हात आता स्थिर राहत नाही. गेलेली वर्षं गेली, ती मला कुणाच्या पदरात टाकता येत नाहीत. तेवढं एक मला अजून लागून राहिलं आहे.

बाळ एका सकाळी जन्मलं, मुलगा. बालरोगतज्ज्ञ बाईंनी छोटा दिवा हातात घेतला आणि त्याच्या एका डोळ्यात पाहिलं, मग दुसऱ्या. जन्मतः स्वच्छ असलेल्या डोळ्यातून दिव्याचा उजेड तांबूस होऊन परत येतो. तो आला, दोन्हीकडून. "छान," एवढंच बाई म्हणाल्या आणि पुढच्या बाळाकडे गेल्या. त्यांच्यासाठी ती दिवसातली सातवी जोडी होती.

आज मी या मुलात आहे. एकटा. शेजारी त्याच्या वडिलांकडून आलेला एक धडधाकट जोडीदार आहे, मितभाषी आणि कामसू. त्याने साखळ्यांना फांद्या जोडायला सुरुवातही केली आहे. मी पुन्हा बसून खाणारा काका झालो. दीड-दोन वर्षं या मायलेकरांचं रक्त सारखं राहील, मग हळूहळू मुलाचं वेगळं होत जाईल. आईला ते कळणारही नाही. मला कळेल, आणि मला नावाड्याची आठवण येईल.

या मुलाच्या मुलांपर्यंत मी पोचेन की नाही, सांगता येत नाही. नाण्याच्या दोन बाजू आहेत. नाही पोचलो तरी माझी हरकत नाही, सात-आठ पिढ्या पुष्कळ झाल्या. जाता जाता एकच मागणं आहे. तुमच्या घरात एखादं मूल काही घेऊन जन्मलं, आणि दवाखान्यात तुम्हाला कुणी विचारलं की दुसरं काही आठवतंय का, तर जे ओठांवर येईल ते बोलून टाका. वेडगळ वाटलं तरी. बहुतेक वेळा उत्तर एका वाक्याचं असतं. आणि ते वाक्य ऐकताना नवरा-बायको एकाच खोलीत असा.

आत्ता दुपार आहे. मुलगा दोन महिन्यांचा झाला. मास्तरीण पलंगावर प्रुफं पसरून बसली आहे, आणि आजोबांनी नातवाला मांडीवर उताणं घेतलंय. ते मान डावीकडे नेतात. मुलाची नजर डावीकडे जाते. ते मान उजवीकडे नेतात, नजर उजवीकडे येते, जरा मागून.

"अहो, पुरे आता, मान दुखेल तुमची," आजी आतून म्हणते.

"एकदाच," आजोबा म्हणतात, आणि मान पुन्हा डावीकडे नेतात.